लिव्हरचा कॅन्सर आणि प्रत्यारोपण: घरातला दाता की यादीतलं लिव्हर?

दादाच्या सोनोग्राफीत गाठ दिसली तो जूनचा महिना होता. कराडहून पुण्याला गेलो, तपासण्या झाल्या आणि तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, ‘लिव्हिंगसाठी घरात कोणी आहे, का कॅडेव्हरला नाव टाकायचं?’ आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. प्रश्न कळायलाच आठवडा गेला, आणि या आजारात आठवड्याला किंमत असते. तेव्हा कोणी समोर बसवून सांगायला हवं होतं ते इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही. पण दोन्ही वाटांवर आमचे पाय पडले आहेत.

१. आधी हे बघा: प्रत्यारोपण लागू पडतंय का?

लिव्हरमध्ये सुरू झालेला कॅन्सर आणि आतड्यातून किंवा दुसरीकडून लिव्हरमध्ये आलेला कॅन्सर, या वेगळ्या गोष्टी. हा लेख पहिल्याबद्दल आहे. डॉक्टर त्याला ‘एचसीसी’ म्हणतात. बहुतेक वेळा तो आधीच खराब झालेल्या लिव्हरमध्ये होतो. कारण हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, नाहीतर वर्षानुवर्षं साचलेली चरबी. दादाला बी होता, आणि तो आहे हे आम्हाला गाठ निघेपर्यंत माहीतच नव्हतं.

निदान सहसा ट्रायफेजिक सीटी (रंगद्रव्य देऊन तीन टप्प्यांत काढलेला सीटी) किंवा एमआरआयवर होतं. गाठ सुरुवातीला रंगद्रव्य पटकन ओढते आणि मग पटकन सोडते, ही तिची खूण. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होण्याचा आजार, असलेल्या माणसात हे चित्र स्पष्ट असेल तर सुई घालून तुकडा काढायची गरज नसते. सुईच्या वाटेने कॅन्सरच्या पेशी पसरण्याचा थोडा धोका असतो, म्हणून प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना दाखवण्याआधी कोणी बायोप्सीची घाई करत असेल तर ‘का?’ असं विचारा.

मग मापं. १९९६ साली इटलीतल्या मिलान शहरातल्या डॉक्टरांनी एक हिशोब मांडला, तो आजही जगभर पहिला विचारला जातो: एकच गाठ असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी पण प्रत्येक ३ सेंटीमीटरच्या आत, रक्तवाहिनीत शिरकाव नाही, लिव्हरच्या बाहेर काही नाही. या चौकटीत बसणाऱ्या रुग्णांपैकी ७५ टक्के त्या अभ्यासात चार वर्षांनंतर जिवंत होते. कॅलिफोर्नियाची एक जरा सैल चौकट आहे: एक गाठ ६.५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी, सर्वांत मोठी ४.५ च्या आत आणि सगळ्यांची बेरीज ८ च्या आत.

दादाला दोन गाठी होत्या, ३.४ आणि १.८ सेंटीमीटरच्या. म्हणजे मिलानमधून बाहेर, कॅलिफोर्नियात आत. ३.४ ची एकटीच असती तर दोन्हींत बसली असती. घरी येऊन मी हे वहीत मांडलं तेव्हा पहिल्यांदा डॉक्टर काय बोलत होते ते उमगलं. तुम्हीही मांडा. सोबत एएफपी या रक्ततपासणीचा आकडा लिहा. तो १००० च्या वर असेल तर गाठ लहान असूनही डॉक्टर सावध होतात.

आणि हा प्रश्न विसरू नका: ‘नुसती गाठ कापून किंवा जाळून भागेल का?’ लिव्हरचं बाकीचं काम ठणठणीत असेल तर कधीकधी भागतं, आणि मग दाता, यादी या सगळ्यातून सुटका. दादाचं लिव्हर गाठींपुरतं बिघडलेलं नव्हतं, ते सगळंच कडक झालं होतं, म्हणून आमच्यासाठी ती वाट बंद होती.

२. दोन वाटांमधला फरक

लिव्हिंग म्हणजे घरातल्या जिवंत माणसाच्या लिव्हरचा भाग, मोठ्या माणसासाठी बहुधा उजवा, म्हणजे साधारण ६० ते ६५ टक्के. दात्याचं उरलेलं लिव्हर दोन-तीन महिन्यांत बरंचसं वाढतं. कॅडेव्हर म्हणजे मेंदूमृत माणसाचं, बहुतेक वेळा अख्खं लिव्हर. चार डॉक्टरांचं पथक सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदू मृत झाल्याचं ठरवतं, कुटुंब संमती देतं आणि मग लिव्हर यादीतल्या माणसाला जातं.

शस्त्रक्रियेच्या बाजूने बघितलं तर अख्खं लिव्हर सोपं. नळ्या मोठ्या, आकाराची चिंता कमी. लिव्हिंगमध्ये पित्ताच्या बारीक नळ्या जोडाव्या लागतात, त्यामुळे गळती किंवा नळी आकसणं हे त्रास जास्त दिसतात. उलट लिव्हिंगमध्ये तारीख ठरवता येते, लिव्हर निरोगी माणसाचं असतं आणि ते बर्फात फार वेळ राहत नाही.

पण कॅन्सरच्या रुग्णाची खरी अडचण यादीच्या हिशोबात आहे. यादीत पुढे कोण, हे मुख्यतः ‘मेल्ड’ आकड्यावर ठरतं. बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन या रक्ततपासण्यांतून तो ६ ते ४० च्या दरम्यान निघतो. जितका जास्त, तितकं लिव्हर निकामी. कॅन्सरवाल्याचं लिव्हर पुष्कळदा काम बऱ्यापैकी करत असतं. दादाचा मेल्ड ११ होता. पोटात पाणी नाही, कावीळ नाही, सकाळी शेतावर चक्कर मारून येणारा माणूस. यादीच्या नजरेत तो ‘बरा’ होता, आणि गाठ मात्र आत वाढत होती. काही ठिकाणी कॅन्सरसाठी जादा गुण देतात. तुमच्या विभागात काय नियम आहे, गुण किती आणि कधी वाढतात, हे रुग्णालयात प्रत्यारोपणाचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटरकडून लिहून घ्या. तोंडी नको.

थांबता थांबता गाठ चौकटीबाहेर गेली की नाव यादीतून निघतं. म्हणून नाव नोंदवलं त्या दिवसापासूनचा हिशोब केला तर कॅन्सरमध्ये लिव्हिंगवाले फायद्यात दिसतात. आपल्या देशात बहुतेक लिव्हर प्रत्यारोपणं लिव्हिंगच होतात, कारण कॅडेव्हर दाते फार कमी.

याची दुसरी बाजूही आहे, ती मला उशिरा कळली. थांबणं ही परीक्षासुद्धा असते. तीन महिन्यांत आक्रमक गाठ आपलं रूप दाखवते. दाता तयार आहे म्हणून पंधरा दिवसांत शस्त्रक्रिया उरकली तर ही परीक्षा होतच नाही, आणि नव्या लिव्हरमध्ये कॅन्सर परत यायची भीती राहते. म्हणून चांगले डॉक्टर दाता हाताशी असूनही काही आठवडे गाठीवर उपचार करून बघतात. आम्हाला तेव्हा ती चालढकल वाटली होती.

३. ‘हे की ते’ करत बसू नका, दोन्हीकडे नाव लावा

पहिल्याच आठवड्यात दात्याच्या तपासण्या आणि यादीतली नोंदणी एकदम सुरू करा. आम्ही ‘आधी घरात बघू, नाही जमलं तर यादी’ म्हणत पाच आठवडे घालवले.

नोंदणी तुम्ही स्वतः करायची नसते. प्रत्यारोपणाची परवानगी असलेलं रुग्णालय तुमची फाइल विभागीय समितीकडे, म्हणजे झेडटीसीसीकडे पाठवतं. महाराष्ट्रात अशा समित्या मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. राज्याची वरची यंत्रणा मुंबईत केईएम रुग्णालयात आहे. २०२३ मध्ये अवयव प्रत्यारोपणाच्या राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे नोट्टोने, अधिवासाची आणि ६५ वर्षांच्या वयाची अट काढायला सांगितली. नोंदणीसाठी राज्यांनी पैसे घेऊ नयेत असंही सांगितलं. त्यामुळे ‘काकांचं वय ६८ आहे, नाव लागणार नाही’ असं कोणी म्हणालं तर कोऑर्डिनेटरकडून खात्री करून घ्या.

नोंदणी झाली की नोंदणी क्रमांक मागा. शिवाय ‘नाव चालू आहे ना?’ हे दर महिन्याला विचारा. जुने रिपोर्ट वेळेवर नवे केले नाहीत तर नाव तात्पुरतं बाजूला पडतं, आणि ते तुम्हाला कोणी फोन करून सांगेलच असं नाही.

४. दाता: कोण चालतो, आणि कोणाला ‘नाही’ म्हणू द्यायचं

कायद्याने जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण, आजी-आजोबा, नातवंडं. मेहुणा, पुतण्या, मित्र हे त्यात नाहीत. त्यांचं प्रकरण अशा दात्यांना परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीकडे जातं आणि वेळ लागतो. पैसे घेऊन अवयव देणं-घेणं हा गुन्हा आहे: ५ ते १० वर्षं तुरुंग आणि २० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. रुग्णालयाच्या आवारात कोणी ‘दाता बघून देतो’ म्हणाला तर तिथून उठा.

तपासण्यांची ढोबळ शिडी अशी:

- वय १८ ते साधारण ५०-५५, रक्तगट जुळणारा. ओ गट सर्वांना चालतो. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा इथे प्रश्न नसतो.
- हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, साखर, हृदय, फुप्फुसं.
- प्लेन सीटी किंवा फायब्रोस्कॅनवर लिव्हरमधली चरबी.
- रंगद्रव्याचा सीटी आणि एमआरसीपी: रक्तवाहिन्या, पित्तनळ्या आणि वजनाचा अंदाज.
- मानसोपचारतज्ज्ञांशी एकट्याने बोलणं.

पहिला दाता म्हणून मीच पुढे झालो होतो. रक्तगट जुळला, वजन बरोबर, दारू नाही, सिगारेट नाही. दोन दिवसांनी कोऑर्डिनेटर मॅडमनी बाजूला बोलावलं. मलाही हिपॅटायटिस बी निघाला होता. आईकडून लहानपणीच दोघांना लागला असणार. दाता म्हणून गेलो आणि रुग्ण होऊन परत आलो. आता दर सहा महिन्यांनी माझी सोनोग्राफी आणि एएफपी होते. तुमच्या घरात बी मुळे कॅन्सर झाला असेल तर सगळ्या भावंडांची तपासणी आजच करा, दाता व्हायचं असो वा नसो. ज्यांना नाही, त्यांनी लस घ्यावी.

मग वहिनी. ओ पॉझिटिव्ह, ४६ वर्षांची, सगळं छान, पण लिव्हरमध्ये चरबी. प्लेन सीटीवर लिव्हर आणि प्लीहा यांच्या घनतेतला फरक मोजतात. तो ५ च्या वर असला तर बरं मानतात, तिचा उणे २ आला. डॉक्टर म्हणाले, ‘वजन उतरवा, दहा आठवड्यांनी बघू.’ तिने तेल-साखर बंद केली आणि रोज पहाटे कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जायला लागली. गणपतीत एकवीस मोदक तिनेच वळले, एकही तोंडात घातला नाही. आठ किलो उतरले आणि आकडा अधिक ७ वर आला. म्हणून चरबीमुळे दाता नाकारला गेला तर लगेच हार मानू नका. हा एक अडथळा दूर करता येतो.

वजनाचं गणितही समजून घ्या. रुग्णाच्या वजनाच्या निदान ०.८ टक्के लिव्हर मिळायला हवं. दादा ६८ किलोचा, म्हणजे ५४४ ग्रॅम. वहिनीचा उजवा भाग अंदाजे ६४० ग्रॅम होता आणि तिच्याकडे ३६ टक्के उरत होतं. दात्याकडे साधारण ३० ते ३५ टक्क्यांपेक्षा कमी उरत असेल तर डॉक्टर थांबतात, आणि थांबायलाच हवं.

आता जरा नाजूक गोष्ट. उजवा भाग देताना दात्याचा जीव जाण्याचा धोका दोनशे ते पाचशेत एक इतका धरतात. किरकोळ-मोठे त्रास त्याहून कितीतरी जास्त. जुळ्या रुळांसारखा टाके पडलेला व्रण जन्मभर राहतो, तीन महिने पाण्याचा हंडा उचलता येत नाही. म्हणून घरात बैठक घालून ‘कोण देणार?’ असं सर्वांसमोर विचारू नका. एकेकट्याला विचारा. रुग्णालयाला सांगून ठेवा की कोणी मागे हटलं तर कारण बाहेर येऊ देऊ नका. ‘तपासणीत बसत नाही’ एवढंच ते सांगतात. आपल्याकडे सुनेवर, बायकोवर न बोलता दबाव येतो हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. दाता स्त्री असेल तर तिची ओळख आणि स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या कोणीतरी पक्की करावी असं २०१४ च्या नियमांत लिहिलं आहे. आमच्या वेळी वहिनीच्या माहेराहून तिचा भाऊ आला, आणि मला ते फार बरं वाटलं.

माझं मत स्पष्ट आहे: गाठ रक्तवाहिनीत शिरली असेल किंवा बाहेर पसरली असेल, तर घरातल्या धडधाकट माणसाला टेबलावर न्यायची भीड घालू नये. आधी उपचाराने ती मागे हटते का ते बघावं. घरातलं कोणीच जुळत नसेल तर दोन कुटुंबांतल्या दात्यांच्या अदलाबदलीला कायद्याची परवानगी आहे, आणि न जुळणाऱ्या रक्तगटातही खर्चिक उपचार करून प्रत्यारोपण होतं. दोन्ही विचारून बघा.

५. कागद: इथेच सर्वांत जास्त दिवस जातात

लागतात ते असे. कोऑर्डिनेटरची यादी वेगळी असेल तर ती खरी धरा:

- दोघांचं आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड
- जवळच्या नातेवाइकांसाठी नमुना १, नवरा-बायकोसाठी नमुना २, बाकीच्यांसाठी नमुना ३, आणि दोघांचा एकत्र अर्ज नमुना ११
- नातं दाखवणारे कागद: जन्मदाखले, शाळेचे दाखले. नवरा-बायको असतील तर लग्नाचा नोंदणी दाखला, लग्नाचा फोटो, मुलांचे जन्मदाखले
- घरातल्यांचा एकत्र फोटो
- दोघांच्या उत्पन्नाचे पुरावे, शक्यतो तीन वर्षांचे
- प्रतिज्ञापत्रं, नोटरी केलेली

दादा-वहिनीचं लग्न १९९९ चं, मांडवात झालेलं, नोंदणी कुठेच नाही. पत्रिका जपून ठेवलेली, पण पत्रिकेवर नोंदणी दाखल्याचं काम भागत नाही. त्यात आधारवर तिचं सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, आणि शाळेच्या दाखल्यावर ‘सुनंदा’चं ‘सुनंद’. ग्रामपंचायतीतून लग्न नोंदवणं आणि एकाच व्यक्तीची ही नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र यात अठरा दिवस गेले. सगळे कागद आज टेबलावर पसरा आणि नावाचं एकेक अक्षर ताडून बघा. मूळ कागदांचा एक संच आणि छायाप्रतींचे चार संच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवा.

रुग्णालयाच्या समितीसमोरची मुलाखत व्हिडिओवर घेतात. पाठ केलेली उत्तरं देऊ नका. वहिनीला विचारलं, ‘तुम्हाला काही झालं तर?’ ती म्हणाली, ‘पोरगी बारावीला आहे, तिचं बघायला भावजी आहेत.’ तेवढंच.

६. तोवर गाठ रोखून धरणं

प्रतीक्षेच्या काळात गाठ नुसती सोडून देत नाहीत. मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन गाठीचा रक्तपुरवठा औषधासकट बंद करतात, ते ‘टेस’. सुईने जाळतात ते आरएफए किंवा मायक्रोवेव्ह. रेडिएशनचे प्रकारही आहेत. जुलैत दादाचं टेस झालं. दोन दिवस ताप आणि पोटदुखी, मग ठीक. दीड महिन्याने जिवंत गाठ २.१ सेंटीमीटरच दिसली, धाकटी विझली होती, एएफपी २१२ वरून ३८ वर. चौकटीबाहेरचा माणूस चौकटीत आला.

एक सापळा: इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं. ती घेतल्यानंतर लगेच प्रत्यारोपण झालं तर शरीर नवं लिव्हर नाकारण्याचा धोका असतो. ती सुचवणाऱ्या डॉक्टरांना ‘पुढे प्रत्यारोपणाचा विचार आहे’ हे आधीच सांगा.

७. यादीतून फोन आला तर

आम्हाला एकदा आला, गौरी जेवल्या त्या रात्री दीड वाजता. ‘काही खाऊ-पिऊ नका, निघा.’ बॅग भरलेली असावी, गाडी ठरलेली असावी, आणि दोन माणसांचे फोन रात्री चालू असावेत. कराड ते पुणे हायवेला साडेतीन तास लागले. पोचल्यावर कळलं की दादा दुसऱ्या नंबरवर आहे, पहिल्याला काही अडचण आली तरच त्याचा विचार. सकाळी पावणेनऊला सर्जन आले: दात्याचं लिव्हर उघडून बघितल्यावर फार चरबीचं निघालं, कोणालाच लावत नाहीयेत. दादाने समोरच्या टपरीवर उभं राहून चहा घेतला आणि म्हणाला, ‘चल, धारेला वेळ होतोय.’ अशी रिकामी फेरी अनेकांच्या वाट्याला येते, त्यात तुमची किंवा रुग्णालयाची चूक नसते. फोन आल्यावर एवढं मात्र विचारा: ‘आमचा नंबर पहिला की राखीव?’

८. पैसे

खासगी रुग्णालयात साधारण २० ते ३० लाख धरा, वर दोघांच्या तपासण्या, पुण्यात तीन महिने खोली आणि पुढची औषधं. लिव्हिंगमध्ये दोन माणसांच्या शस्त्रक्रिया असतात. अंदाजपत्रकात दात्याचा खर्च आहे का आणि दिवस वाढले तर काय, हे बघा. विमा असेल तर दात्याचा खर्च मिळतो का ते कलम वाचा.

मुख्यमंत्री सहायता निधीला शस्त्रक्रियेआधी अर्ज करा, झालेल्या खर्चाची भरपाई त्यातून मिळत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचं सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक लागतं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. समाजसेवा अधीक्षकांना भेटून दाखल होतानाच अर्ज द्या. बिल झाल्यावर नाही.

९. शस्त्रक्रिया आणि नंतर

नोव्हेंबरात वहिनीला सकाळी सातला आत नेलं, तासाभराने दादाला. ती दुपारी चारला बाहेर, तो रात्री साडेआठला. ती नवव्या दिवशी घरी, तो एकविसाव्या. दात्याकडे घरातलं एक माणूस स्वतंत्र ठेवा. आमच्याकडे सगळी वर्दळ दादाच्या आयसीयूबाहेर, आणि दुसऱ्या मजल्यावर वहिनी एकटीच छताकडे बघत पडलेली. हे माझं चुकलं.

शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी दर बारा तासांनी, घड्याळ लावून. रक्तातली पातळी सांगतील तेव्हा तपासा. पपनस खायचं नाही, त्याने ही पातळी चढते. गुळवेलीचा काढा, ‘लिव्हर टॉनिक’, शेजारच्या काकूंचं चूर्ण, सगळं बंद. बी ची गोळी चालूच राहते.

कॅन्सर परत येत असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत येतो, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी एएफपी आणि सीटी. दात्याचीही तपासणी ठरलेली असते, आणि बरं वाटतंय म्हणून दाते ती चुकवतात. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आता तीन शाया आहेत: दादाच्या तारखा लाल, वहिनीच्या निळ्या, आणि माझ्या सहामाही सोनोग्राफीच्या हिरव्या.